घरात तुमचं ताट कितवं?

डॉ. इंदुमती बोर्डे यांना मी पहिल्यांदा भेटले ते माझ्या मायला घेऊन. नऊ वर्षं झाली त्याला. मायच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि तीन महिने ती भरत नव्हती. साखरेचा आजार जुना. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही. घरी येताना माय एवढंच म्हणाली, "पाय गेला तर मी कोनाच्या घरात कोन म्हनून राहू?" जन्मभर लोकांच्या रानात कापूस वेचलेल्या बाईला पाय म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

बाईंचा दवाखाना बदनापूरला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. मी तिथल्याच शाळेत शिकवते, म्हणून नाव ऐकून होते. दिवसाला सहाच पेशंट बघतात, हेही ऐकलं होतं आणि मनात हसले होते. मी रिपोर्टांची जाड फाइल पुढे केली. बाईंनी ती बाजूला ठेवली.

"हे मी नंतर वाचते. आधी गयाबाई सांगतील. गयाबाई, एकदम बरं, बिलकुल ठणठणीत, असं शेवटचं कधी वाटलं तुम्हाला?"

माय माझ्याकडे बघू लागली. असा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मग बाईंनी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं पसरलं, त्यावर आडवी लांब रेघ ओढली आणि एका टोकाला लिहिलं, 'जन्म, हसनाबाद'. पुढचा सव्वा तास त्या रेघेवर मायचं आयुष्य उतरत गेलं. आठव्या वर्षी रानात जायला लागली. तीन बाळंतपणं, एक मूल गेलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, वारले तिथे बाईंची पेन्सिल थांबली.

"त्याच्यानंतर झोप कशी होती?"

"झोप? मंग कशाची झोप. पहाटचं चारलाच डोळे उघडे."

"आणि साखर कधी निघाली?"

"दुसऱ्याच वर्षी."

बाईंनी दोन्ही खुणा बोटाने दाखवल्या. मी चाळिशीकडे आलेली, शिकलेली लेक. माझ्या मायचं आयुष्य सलग असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही एका परक्या बाईच्या हातातल्या कागदावर.

या पद्धतीला फंक्शनल मेडिसिन म्हणतात, हे पुष्कळ नंतर समजलं. जुनाट दुखण्यांचं एकेक लक्षण सुटं न बघता त्याचं मूळ अन्नात, पचनात, झोपेत, हालचालीत, मनावरच्या भारात शोधायचं. बाई एम.डी. झालेल्या. सरकारी नोकरीत उमेदीची वर्षं घालवून पन्नाशीनंतर त्या हे नव्याने शिकल्या. का, असं विचारलं तर सांगतात, "मी गोळ्या वाढवत चालले होते अन् माणूस जागच्या जागीच होता." पण त्यांनी कुणाचं चालू औषध उगाच बंद केलं, असं मी पाहिलं नाही. मायलाही त्यांनी पहिल्याच दिवशी जखमेसाठी सर्जनकडे पाठवलं आणि ड्रेसिंग चुकलं तर माझ्याशी गाठ आहे, असा दम भरला. स्वतः कागदावर लिहून दिलं ते एवढंच: काय खायचं, कधी झोपायचं, साखरेची संध्याकाळची गोळी साडेसहाला, जेवण सातच्या आत, सातनंतर काही खायचं नाही.

त्या शेवटच्या ओळीने घात केला. सातव्या दिवशी पहाटे, हसनाबादच्या घरी, माझ्या भावजयीला माय चुलीपाशी घामाने भिजून पडलेली दिसली. साखर एकदम उतरली होती. शेजाऱ्यांनी साखरेचं पाणी पाजलं, आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून निभावलं. मी रडत बाईंना फोन केला. आवाजात राग होता, तो मी लपवला नाही.

बाई त्याच दिवशी दुपारचे पेशंट पुढे ढकलून हसनाबादला आल्या. मायच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, "गयाबाई, गोळी कधी घेत होत्या?"

"साडेसहाला. बराबर घड्याळ बघून."

"अन् जेवत कधी होत्या?"

माय हळूच म्हणाली, "संजू जालन्याहून कामावरून येतो, नऊ वाजतेत. त्याचं झाल्यावर पोरं, मंग सून, मंग मी. तवर साडेनऊ होऊ लागले. तुम्ही तर म्हनल्या सातनंतर घास न्हाई. मंग मी न्हाईच खाल्लं."

"सहा दिवस?"

"मूठभर शेंगदाणे खाल्ले की दोनदा," माय गुन्हा कबूल केल्यासारखी म्हणाली.

सातच्या आत जेवा, याचा अर्थ लेकाच्या आधी जेवा असा होतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तरी तिने ते केलं नसतं. बाई बराच वेळ मायचा हात धरून बसल्या. त्यांनी आधी ती गोळी बदलली. मग संध्याकाळ झाली तशी भावजयीला म्हणाल्या, "सविता, मला भूक लागलीय. साडेसहा होऊन राह्यले. जेवायला वाढ."

ताट आलं. बाईंनी हात लावला नाही. "मी एकटी जेवत नसते. गयाबाईंचं ताट आणा. तुझंही घे."

पाहुणी उपाशी कशी ठेवायची? माय भिंतीला टेकून बसली. आणि वाढणार कोण, तर त्या दिवशी सुट्टी काढून घरी थांबलेला माझा भाऊ. संजूने आयुष्यात पहिल्यांदा भाकरी वाढली. माय लाजून लाल झाली.

"लेक वाढून राह्यला अन् मी खाऊन राह्यले. जग काय म्हनंल?"

"जग नंतर जेवंल," बाई म्हणाल्या. "तुम्ही घास घ्या."

पुढे दोन महिने रोज साडेसहाला मायला बाईंचा फोन यायचा. "ताट पुढं आहे का? मंग मीही बसते." माय शेवटी वैतागली. "डॉक्टरीणबाई, आता जेवते म्हनलं ना मी! तुमचा फोन आला की घास गार होतो." त्या दिवसापासून फोन थांबले.

मला खरी थक्क करणारी गोष्ट मात्र माय पडली त्यानंतर आठच दिवसांनी घडली. दवाखान्याच्या ओसरीवर दर सोमवारी म्हातारी माणसं जमतात. जमिनीवरून हाताचा टेका न घेता उठायचं, पाण्याची कळशी कमरेतून न वाकता उचलायची, हा त्यांचा सराव. म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसावं लागू नये, एवढ्यासाठी बाई हे घेतात आणि स्वतःही उठबस करतात. त्या सोमवारी सराव झाल्यावर सगळ्यांसमोर त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या हातून एक चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी एका बाईला जेवणाची वेळ लिहून दिली. ती घरात कितवी जेवते, ते विचारलं नाही. तिचा जीव जाता जाता वाचला. सव्वा तास सगळं विचारणारी मी हे का विसरले, त्याचा मी आठ दिवस विचार करतेय. मी स्वतः चाळीस वर्षं घरात शेवटी जेवत आलेय अन् मला ते कधी खटकलं नाही. जे मलाच दिसत नव्हतं, ते मी विचारणार कसं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढ्या वयाची, एवढ्या नावाची डॉक्टर, आणि चुकीचं खापर फोडायला कुणी अडाणी पेशंट समोर असताना तिने बोट स्वतःच्याच ताटाकडे वळवलं. मी मुलांना रोज चुका दाखवते. अशी चूक मी कधी मान्य केलीय का, हे त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला विचारलं. उत्तर चांगलं नव्हतं.

तेव्हापासून बाईंच्या केसपेपरवर नाव, गाव, वय यांच्याखाली पहिला प्रश्न असतो: घरात तुमचं ताट कितवं? पुढे माझ्या पाळीच्या कुरबुरी सुरू झाल्या, झोप उडाली, तेव्हा मलाही त्यांनी तो विचारला. मी 'सगळ्यांबरोबर' असं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. बाई पेन्सिल धरून शांतपणे वाट बघत राहिल्या.

मायची जखम पाच महिन्यांनी भरली. फक्त वेळेवर जेवल्याने भरली असं लिहिलं, तर बाई मला रागावतील. सर्जनचे उपकार आहेत, औषधांचे आहेत. पण पाय तिचा आहे, शाबूत आहे, आणि रोज संध्याकाळी जेवण झालं की ती त्याच पायाने विहारापर्यंत चालत जाते.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सत्काराला त्या तयार नव्हत्या. तयार झाल्या त्या एका अटीवर, की भाषणं साडेसहाला थांबतील. बाई, तुमचं पुढचं आयुष्य लांब असो, एवढ्यावर माझं समाधान नाही. नव्वदीतही तुम्ही त्या ओसरीवरून हाताचा टेका न घेता उठा, पहाटेपर्यंत गाढ झोपा, आणि आमच्या चुका सांगायला व तुमच्या कबूल करायला आमच्यात असा. सत्काराच्या दिवशी पहिलं ताट तुमचं आहे. शेजारचं गयाबाईंचं, कारण तुम्ही एकट्या जेवत नाही. वाढायला संजूने सुट्टी काढली आहे.