रोममध्ये ऐकलेलं खलास

मस्कतमध्ये 'खलास' या शब्दाला काही ताळतंत्र नाही. स्लॅब भरून झाला की खलास, दुकानातली कोथिंबीर संपली की खलास, आणि आपण काही मागितलं नि समोरच्यानं ते कबूल केलं, तरी खलासच. इतकी वर्षं इथल्या हमरिया भागात राहून मला वाटायचं, आवाजावरून अर्थ कळतो. डोंबल कळतो.

आमचे हे एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर. साठीला आले, व्हिसा संपत आलेला आणि मुलगी अकरावीत. ह्यांनी अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, एकच मागणं केलं: पोरीची बारावी होईपर्यंत ठेवून घ्या. अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला." तेवढ्यावर आम्ही रोमची तिकिटं काढून मोकळे झालो. कितीदा पुढे ढकललेली सहल होती, आणि आता नाही तर कधी, असं टुमणं मीच लावलं होतं.

रोममध्ये ह्यांना आवरताना माझ्या नाकी नऊ आले. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध भोक आहे, त्यातून उजेड खाली येतो. लोक माना वर करून गप्प उभे, आणि हे म्हणतात, "वॉटरप्रूफिंगचा प्रश्नच मिटवला की." जिथे तिथे भिंतीला हात लावून बघायचे, रखवालदार ओरडेपर्यंत. कोलोसियमपाशी मुलीनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, हे अर्धा तुटलेला आहे, मग ते लोक पाडत का नाही?"

"अगं, जुनं झालं म्हणून कुणी पाडतं का?" हे म्हणाले. तेव्हा ते मला फार आवडले.

तिथेच अर्बाबचा फोन आला. बरकाच्या साइटची ड्रॉइंग्ज कुठल्या कपाटात आहेत, ते विचारायला. गर्दीचा गलका, ह्यांचं एक बोट कानात. फोन ठेवला तो चेहरा फुललेला. "व्हिसाचंही विचारून घेतलं. म्हणाला, 'वो खलास. तुम घूमो.' झालं आपलं काम."

मीही वेडी, तिथल्या तिथे हात जोडले. मुलीला आइस्क्रीम घेतलं. अर्बाबला भेट म्हणून संगमरवराचं एक छोटं कोलोसियम घेतलं, चांगलं जड. ते बॅगेत बसेना, तर मी माझ्या चपला हॉटेलात टाकून आले.

परतल्यावर हे बरकाला गेले, तर ह्यांच्या टेबलावर एक तरणा इंजिनिअर बसलेला, समोर तीच ड्रॉइंग्ज. दुपारी ऑफिसातून निरोप आला, व्हिसा रद्द करायला तिघांचे पासपोर्ट पाठवा. गरज सरो, वैद्य मरो. पोरगी दार लावून मैत्रिणींशी फोनवर इंग्रजीत रडत होती. जिला धड मराठी बोलता येत नाही, तिनं बारावी आता गावी, चिपळूणला करायची. मला अर्बाबचा राग आला, पण त्याहून जास्त ह्यांचा आला. एवढं झालं, तरी भांडायला जातील तर शपथ.

उलट निघायच्या आदल्या दिवशी ते कोलोसियम पिशवीत घालून निघाले. मी दारात आडवी आले.

"त्याला कशाला देताय? समुद्रात टाका त्यापेक्षा."

"त्याच्या नावानं आणलंय," म्हणाले आणि गेले.

आले ते हसत. अर्बाबनं चहा पाजला होता म्हणे. कोलोसियम उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, खरं कोलोसियम किती जुनं आहे. ह्यांनी सांगितलं, जवळजवळ दोन हजार वर्षं.

"तर म्हणतो कसा, इतना पुराना? और अभी तक रखा है?"

मी बॅगेची चेन ओढत होते, ती तशीच सोडली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हो म्हणालो."