शेपूट वाढायची वाट

मंडळी, आज सकाळी बाळकुमला आमच्या घराशेजारच्या काकूंकडे गेलो होतो. आठवड्यापूर्वी त्यांच्या बाल्कनीत एक चिमुकला पोपट येऊन पडला. शेपूट आखूड, म्हणून पिल्लू समजून त्यांनी पिंजऱ्यात ठेवला.

"शेपूट वाढलं की सोडणारच हो भाऊ. केळं तेवढं खातो, मिरचीला शिवत नाही."

पोपट पिंजऱ्याच्या छताला उलटा लटकून झोपला होता. आमच्या गावच्या रानात असे उलटे झोपणारे पोपट खूप पाहिलेत. नेहमीचा पोपट लांब शेपटीचा, मिरची खाणारा. हा वेगळा, फुलांतल्या मधावर नि मऊ फळांवर जगणारा.

"काकू, हा पूर्ण वाढलाय. याचं शेपूट एवढंच असतं."

काकू उठल्या. देवापाशी हात जोडून आल्या आणि स्वतःच पिंजरा उघडला. पोपट येऊरच्या जंगलाच्या दिशेने उडून गेला.

देवाने पूर्ण घडवलेल्या कुणाला आपणही अपुरं समजून अडवून ठेवलंय का?