दहा दिवस न उघडलेली बरणी

आत्याच्या पोटातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा मी बारामतीत एका लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करत होते. आत्या कळस गावची, डाळिंबाच्या बागेत दिवसभर राबणारी. वर्षापूर्वी अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं होतं. आता उजव्या बाजूला दगडासारखं काहीतरी लागत होतं. इंदापूरचे डॉक्टर स्कॅन बघून म्हणाले, "कॅन्सर नाहीच असं सांगता येत नाही."

काही दिवसांनी गाठीवरची कातडी फुटली. पू तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला. त्यात पिवळे, रव्याएवढे कण होते. मी एक कण काचपट्टीवर चिरडून रंगवला. सूक्ष्मदर्शकात जांभळे, फांद्या फुटलेले धागे दिसले, मुळांसारखे.

लॅबच्या प्रमुख, आमच्या मॅडम म्हणाल्या, "जिवाणू वाटतोय. पण वाढवून बघायला हवा. याला हवा चालत नाही."

जंतू वाढवायच्या दोन प्लेटवर पू पसरला. उघड्यावर ठेवलेल्या प्लेटवर दोन दिवसांत काहीच आलं नाही. दुसरी प्लेट प्राणवायू काढलेल्या बरणीत होती. ती दहा दिवस उघडायची नव्हती. हा जिवाणू फार सावकाश वाढतो.

आत्याचा मुलगा रोज फोन करायचा. "ताई, पुण्याला न्यायचं का? आई जेवत न्हाय."

"थोडं थांब," मी म्हणायचे. फोन ठेवला की पाय आपोआप बरणी उबेला ठेवलेल्या इनक्युबेटरकडे वळायचे. एकदा बरणीच्या झाकणावर हातही ठेवला. मॅडम मागून ओरडल्या, "अगं, हवा लागली तर पुन्हा पहिल्यापासून!" मी हात काढला, पण त्या दिवशी दोन रिपोर्टवर चुकीची नावं टाकली.

अकराव्या दिवशी बरणी उघडली. प्लेटवर जिवाणूंच्या पांढऱ्या, खडबडीत, दाढेसारख्या वसाहती होत्या, म्हणजे मॅडमचा अंदाज खरा होता. गाठीचा तुकडाही तपासायला पाठवला होता, त्यातही कॅन्सर नव्हता.

मी त्याच दुपारी कळसला गेले. आत्याला सांगितलं, "भिऊ नकोस, कॅन्सर नाही. हा जंतू आपल्या तोंडात, आतड्यात असतोच. तिथं काही करत नाही. आतडं फुटलं, तेव्हा बाहेर पडून त्यानं घर केलं."

"म्हंजी तुज्या बी पोटात हाय?"

"हो."

"आन् तू मला भिऊ नगं म्हंतीस!"

पेनिसिलीनची इंजेक्शनं, मग कित्येक महिने गोळ्या. गाठ हळूहळू विरली. आत्या पुन्हा बागेत जाऊ लागली. मला मात्र जेवल्यावर पोटात जरा गुरगुरलं, की अजूनही हात उजव्या बाजूला जातो.