सहावा तुकडा

पाचवीचा वर्ग दरवर्षी मला एकाच ठिकाणी हात टेकायला लावतो. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. फळ्यावर लिहायचा अवकाश, अर्ध्या वर्गाचे हात वर. उत्तर ठरलेलं : दोन छेद पाच. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात, संपला विषय, पोरं खूश. गणित शिकवायला लागून मला पंचवीस वर्षं झाली, आणि त्यातल्या निम्म्या लाल रिफिली ह्या दोन छेद पाचावर काट मारण्यात गेल्या असतील.

मी चिडते. चिडणं माझ्या रक्तातच आहे, त्याला पोरं काय करणार. "अरे, अर्ध्या भाकरीत अजून एक तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली? मधल्यामधे खाल्ली कोणी?" असं विचारलं की वर्ग हसतो. मग मी त्यांना भाकरीचंच गणित करून दाखवते. ते मला बाबांनी शिकवलं.

आमचं गाव तळवली. मी लहान होते तेव्हा गावाच्या पश्चिमेला खाडीपर्यंत मिठागरं होती आणि बाबा तिथे कामाला जायचे. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण मिठाच्या टोपल्यांचे वाटे तोंडी करायचे. मालकाचा किती, कामकऱ्यांचा किती, वाहणाऱ्यांचा किती, सगळं डोक्यात. त्यावरून भांडण झालेलं कोणाला आठवत नाही.

मी पाचवीत असताना ह्याच गणितावर अडले होते. रडून रडून नाक लाल. बाबांनी माझी पाटी बाजूला सरकवली, तांदळाची एक भाकरी घेतली आणि म्हणाले, "दादाला अर्दी दे, धाकट्याला तिसरा हिस्सा दे. आता सांग, उरली किती?" मी बोटं मोजायला लागले. मग त्यांनी ती भाकरी मधून चिरली, आणि प्रत्येक अर्ध्याचे तीन तीन तुकडे केले. सहा सारखे तुकडे. "बाय, तुकडे सारके झाल्याबिगर मोजायचा नाय. आदी सारके कर, मंग मोज." दादाचे तीन, धाकट्याचे दोन. पाच झाले. ताटलीत एक उरला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात ठेवला. "हा सहावा, तुजा."

तीनास दोन कसे, ते तेव्हाच समजलं होतं. दादा मिठागरावर राबायचा, त्याला भूक जास्त. चौथीनंतरच त्याची शाळा सुटली होती. घरात दोघांची फी झेपत नव्हती, आणि त्यानेच बाबांना सांगितलं होतं की बायला शिकू द्या, तिला चांगलं येतं. हे तो नंतर कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे आमची जमीन सरकारने घेतली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा परत देतात तो भूखंड मिळाला, त्यावर बाबांनी घर बांधलं. मी डीएड केलं, नोकरी लागली, लग्न होऊन ऐरोलीला आले. माझे यजमान साताऱ्याकडचे. त्यांचं एक चांगलं आहे, माझ्या माहेरच्या गोष्टीत ते तोंड घालत नाहीत. मला कधीकधी वाटतं, घालावं.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. बारावा-तेरावा उरकल्यावर दादाने त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात चौकटीच्या वहीचा एक कागद निघाला. धाकट्याने मला फोनवर सांगितलं, "ताई, बाबांनी आमचे दोगांचे वाटे लिहून ठेवलेत." मी विचारलं, "दोघांचे?" तो म्हणाला, "हां, दोगांचे."

मी पुढे काही विचारलं नाही. तो कागद बघायलासुद्धा मागितला नाही. हट्टच म्हणा. आमच्याकडे बहिणी हक्कसोडीवर सही करतात. बापाच्या घरातला आपला वाटा मी भावांना सोडला, असा कागद असतो, त्यावर. करतात म्हणजे करतातच, आणि मग भाऊबीजेला माहेरचा दरवाजा उघडा राहतो. माझ्या आत्यांनी केली, चुलत बहिणींनी केली. मलाही करायचीच होती, त्याचं दुःख नव्हतं. जागा मला नको होती. पण बाबांनी कागद लिहायला घेतला आणि त्यात मी कुठेच नाही, हे मी मनात धरून बसले. दोन वर्षं. भाकरीच्या तुकड्यासाठी मी त्यांना आठवत होते, आणि कागदावर आठवायची वेळ आली तेव्हा त्यांना मी आठवले नाही.

गेल्या रविवारी सकाळी दादा स्कूटरवरून आला. घर पाडून बिल्डरकडून इमारत बांधून घ्यायची ठरली आहे, हे मला माहीत होतं. त्याच्या एका हातात वहिनीने फडक्यात बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाईल. पन्नाशी उलटली तरी अजून माझ्याकडे येताना मोकळ्या हाताने येत नाही. यजमान बाजारात गेले होते. मी चहा टाकला.

"बाय, जरा एक काम हाय," तो म्हणाला. "वकिलाकडचा टायपिंगवाला बोलतंय, वाट्यांची बेरीज पुरी एक येत नाय. कागुद परत दिलान त्यानी. तू गनिताची मास्तरीन हायस, नीट करून दे."

मी फाईल ओट्यापाशी नेऊन उघडली. आत टाइप केलेले कागद होते, आणि त्यांच्यावर, पिनेने लावलेला, चौकटीच्या वहीचा तो कागद. मी तो पहिल्यांदा बघत होते. बाबांचं अक्षर, शेंगदाण्याएवढं, प्रत्येक चौकटीत एक. दोनच ओळी.

मोठा – १/२
धाकटा – १/३

आणि खाली सही.

पंचवीस वर्षं तेच गणित शिकवणाऱ्या बाईला वेळ कितीसा लागणार. चहा उतू जायच्या आत माझी बेरीज झाली होती. तीन आणि दोन, पाच. पाच छेद सहा. एक छेद सहा उरला.

मी गॅस बंद केला. बाबा मला विसरले नव्हते. त्यांनी माझं नाव लिहिलं नाही, कारण पोरीचं नाव वाट्याच्या कागदावर लिहिलं तर गावात काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फक्त ताटलीत एक तुकडा ठेवला होता. तेच दोन आकडे, तसेच. कोणालाच कळलं नसतं, पण कधीतरी बेरजेला अडेल आणि कागद बायकडे जाईल, एवढं त्यांनी धरलं असणार. मला इतका आनंद झाला की मला रडू आलं, आणि ते मी गाळणीकडे बघत गिळलं.

"काय झाला?" दादाने बाहेरून विचारलं.

"काही नाही. चहा गाळतेय."

मी चहा आणि फाईल घेऊन बाहेर आले. ठरवून आले होते. सांगायचं, दादा, हे बघ, ह्याच्यात माझा सहावा आहे. मला जागा नको, मी सही करून देते, पण हे बाबांनी ठेवलंय, एवढं तू मान. एवढंच. दोन वाक्यं. वर्गात मी चाळीस पोरांना तास तास बोलते.

"दादा," मी म्हटलं, "बाबांनी एक छेद सहा बाकी ठेवलंय."

त्याने कागद हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला. एकाखाली दोन, एकाखाली तीन, ह्यांच्याकडे तो बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मला वर्गातल्या शेवटच्या बाकावर दिसतं. समजत नाही, आणि समजत नाही हे कोणाला दिसू नये. चौथीत सुटलेली शाळा. त्याला हे कधी कोणी शिकवलंच नाही, कारण तेव्हा मी शिकत होते.

"म्हंजे मोजताना चुकला त्यांचा," तो म्हणाला. "शेवटी शेवटी विसरायचे ना ते. टायपिंगवाला पन हेच बोलला." मग कागद परत माझ्यासमोर ठेवला, अगदी जपून. "पन बाय, बाबांच्या शब्दाभायेर जायाचा नाय. त्यांनी मना जास्ती दिला, धाकट्याला कमी दिला, ते तसाच राहू दे. निस्ती बेरीज पुरी करून दे."

आता ह्या माणसाला काय सांगणार? त्याच्यात कपट असतं तर मी भांडले असते, भांडायला मला कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या पोराच्या टायफॉइडमध्ये आठ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलेला माणूस. आज मी म्हटलं, चुकलं नाही, हा माझा वाटा आहे, की तो निमूटपणे फाईल उचलेल, "बरा, तुजा तू घे" म्हणेल, आणि पुढच्या खेपेला मोकळ्या हाताने येईल. कदाचित येणारही नाही. मला जागा नको होती हे त्याला मी कितीही शपथा घेऊन सांगितलं तरी कळलं नसतं. जमिनीच्या कागदावर बोट ठेवणाऱ्या बहिणीचा आमच्या गावात एकच अर्थ होतो, वाटा मागायला आली.

मी पेन घेतलं.

तीनास दोन. बाबांचं प्रमाण तेच ठेवायचं तर सहावा तुकडा मोजायचा नाही, भाकरी पाचच तुकड्यांची होती असं धरायचं. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, मोठा, तीन छेद पाच. धाकटा, दोन छेद पाच. ज्या उत्तरावर मी जन्मभर लाल काट मारली, ते मी निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहिलं. बेरीज पुरी एक.

"झाला?" दादाने विचारलं.

"झालं."

त्याने मोठा श्वास सोडला. टाइप केलेल्या कागदांतलं शेवटचं पान काढलं, ते हक्कसोडीचं. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. मी सही केली. तारखेची जागा रिकामी ठेव, ते लोक घालतील, असं त्याने सांगितलं, म्हणून ती रिकामी ठेवली. मग तो हलका झाला. फडकं सोडलं, वरची भाकरी घेतली, मधून मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. न मोजता. वर चटणी ठेवली. "खा, तुज्या वहिनीनी मुद्दाम केलीय. तुला आवडते म्हनून."

मी खाल्ली. बोललेच नाही, याची लाज वाटत होती, आणि बोलले असते तरी वाटली असती. कुठूनही सुटका नव्हती.

जाताना तो दारात चपला घालत थांबला. बाबांचा कागद त्याने फाईलमधून काढला, कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात वेगळा ठेवला. "आपली आय व्हती तवा बोलायची, बाबांचा गनित कदी चुकत नाय," तो म्हणाला. "मना खरा सांग बाय. चुकलाच व्हता ना त्यांचा?"

तो माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर तो कागद त्याच्या खिशातून पुन्हा टेबलावर आला असता.

"हो," मी म्हटलं. "बाबांचं चुकलं होतं."