डॅशबोर्डमागची पत्रकं

माझी अक्षरओळख चळवळीच्या पत्रकांवर झाली. बाबा छापून आणायचे, आई घड्या घालायची, मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हा घरचा पहिला धडा. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात सेनगावजवळच्या गोरेगावच्या गॅरेजवाल्यानं गाडीजवळ न येताच, "ताई, एसीचा गॅस गेला. भरून टाकू," असा निकाल दिला तेव्हा माझं डोकं सणकलं.

"गेला तर कुठून गेला? गळती दाखवा."

"तुमी इथं बी मोर्चा काढता का?" तो हसला. "बघा मंग तुमीच. मला ट्रॅक्टर उरकायचा हाय."

मी बॉनेट उघडलं. एसी चालला नसता, तर दुसऱ्या दिवशी याडी माझ्यासोबत सेनगावच्या बैठकीला येणार नव्हती. तांड्यावरच्या त्या म्हातारीला आम्ही सगळेच याडी, म्हणजे आई, म्हणतो. मागच्या बैठकीत तिला उन्हानं भोवळ आली. तेव्हापासून तिच्या पोराची अट होती, थंड गाडी असेल तरच न्यायचं. कधीकाळी याच गाडीत आम्ही पाचजण दाटीवाटीनं बसायचो, बाजाराच्या दिवशी खिडकीतून पत्रकं उधळायचो. मग एकेकजण नोकरीला पुण्याकडे गेला. बैठकांना सोबत उरली फक्त याडी. तीही आली नसती, तर तांड्याच्या रस्त्याबद्दल मी एकटीच बोलणार होते. आणि त्या चिखलातून डोक्यावर हंडा घेऊन मी कधी चालले नव्हते.

इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसरची पुढची चकती पट्ट्याबरोबर फिरू लागली. समोरचा पंखाही फिरत होता. बारीक नळी तापली, जाड नळी गार पडली आणि तिच्यावर पाण्याचे थेंब जमले. म्हणजे गॅस होता. आत बसून ब्लोअर शेवटच्या आकड्यावर नेला. घरघर मोठी, पण जाळीतून वारा आजारी माणसाच्या श्वासाइतकाच. गारवा तयार होत होता, आत पोचत नव्हता.

डाव्या सीटसमोरचा कप्पा उतरवला. त्याच्यामागं फिल्टरचं झाकण केव्हाच गळून पडलं होतं. फिल्टरवर, धुळीत आणि कापसाच्या तंतूंत गुरफटून, आमचीच पत्रकं चिकटली होती. गुलाबी, पिवळी. कप्प्यात मावतील त्याहून जास्त कोंबायची आमची सवय. मागच्या फटीतून ती घसरली आणि ब्लोअरनं ओढून घेतली. एकावर खाली आम्हा पाचही जणांची नावं होती. मी ती बोटानं पुसून वाचली.

गॅरेजवाला डोकावला. "ताई, तुमच्या क्रांतीनंच हिचा गळा दाबला की!"

मीही हसले. पत्रकं मात्र फेकवेनात. शेजारच्या सीटवर ठेवली. फिल्टर झटकून बसवला, आणि तोंडावर असा गार झोत आला की डोळे मिटले.

सकाळी तांड्यावर गेले. याडीनं दार उघडून जाळीसमोर हात धरला.

"काय गार येऊन राहिलं गं!"

"मग बस की, याडी. उशीर होतोय."

ती बसली नाही. हात तसाच धरून म्हणाली, "पोरी, ऊन निमित्त होतं. पोराला मीच तसं बोलायला लावलं. आता माझ्यानं न्हाई होत. किती साल झाले बोलून राहिलो आपण. रस्ता झाला का?"

"मग मला सरळ काहून न्हाई सांगितलं?"

"तू एकटी पडशील म्हणून तोंडावर सांगवंना."

तिला बसायला उचलून धरलेली पत्रकं मी पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवली. तिनं वाकून आपल्या बाजूच्या जाळीच्या पट्ट्या मिटल्या. "इकडचं कशाला वाया घालती? सगळं गार तुला लागू दे," म्हणाली आणि दार लावलं.

तांडा मागं पडल्यावर मी हात लांबवून ती जाळी पुन्हा उघडली. सेनगावपर्यंत शेजारच्या सीटवरची पत्रकं फडफडत होती.