मुरड घातलेलं घर

जालना जिल्ह्यात माणसांच्या आधी छताला रामराम घालणारा एकच माणूस असेल, तो म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे मंठ्याचे भाऊजी. कुणाकडं गेले की उंबऱ्यातच मान वर, बीमवर नजर, कोपऱ्यातल्या भिंतीवर दोन टिचक्या. तोवर घरच्या बाईनं आणलेला तांब्या तिच्या हातातच. माझ्या उशाच्या फळीवरची पितळी घागर त्यांनी न विचारताच उतरवली. "जमीन हलली तर ही सरळ तुमच्या कपाळावर, वैनी." मी म्हटलं, तीस वर्षांत कधी पडली न्हाई. तर म्हणे, "तीस वर्षांत जमीन हलली न्हाई म्हणून." दिवाळीला लोक मिठाई घेऊन येतात, हे खिशात स्क्रू घेऊन येतात आणि आमची कपाटं भिंतीला आवळून जातात.

माझ्या नातीला, पल्लवीला, स्थळ पाहायला गेलो तेव्हा मुलाचे वडील कौतुकानं सांगत होते, खाली दुकानं, वर तीन मजले. भाऊजींनी विचारलं, "खाली भिंती किती?" ते म्हणाले, "भिंती कशाला? सगळे शटर." भाऊजींनी पोह्याची बशी खाली ठेवली. "पोरगा चांगला हाय. पण घराला वर एवढं ओझं अन् खाली काडीचे पाय." ते स्थळ तिथंच राहिलं. पुढं हसनाबादचं जमलं. घर बैठं, चौकोनी. पल्लवी म्हणाली, "मंठ्याच्या आजोबांनी पोरगा नंतर पाह्यला, पाया आधी पास केला."

भाऊजी हाडाचे गवंडी. लातूरकडं भूकंप झाला तेव्हा नवी घरं बांधायला गेले, दोन वर्षं तिकडंच राहिले. काय पाहिलं ते सांगत नाहीत. एकदाच म्हणाले, "मातीत ठेवलेले दगड होते, वैनी. कोण्या भिंतीनं दुसरीला धरलंच नव्हतं."

आता बदनापूरच्या आमच्या घराचं सांगते. पल्लवीच्या आजोबांनी, आमच्या ह्यांनी, हौसेनं जागा घेतली आणि बांधायच्या आधीच ते गेले. तिला हळद त्याच जागेवर, नव्या घरात लागावी, एवढीच माझी इच्छा. पिलरच्या उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या लोखंडी चौकोनांना रिंगा म्हणतात. त्यांचा ढीग तयार झाला आणि त्याच दिवशी भाऊजी हजर. एक रिंग उचलून म्हणाले, "टोकं काटकोनात मोडली. हादरा बसला की उघडतील. टोक आत, पोटात वळलं पाहिजे."

सळई वाकवणारा कारागीर म्हणाला, "चाचा, बीस साल से ऐसेच मोड रहा हूं. परवा मला परतूरच्या कामावर जायचंय. हे सगळं परत वाकवत बसलो तर पिलर तसेच राहतील, मंग महिन्यानं येईन."

महिना म्हणजे हळद गेली. मी म्हटलं, "भाऊजी, या वेळी जाऊ द्या ना."

ते रागावले नाहीत. ढिगाशेजारी बसले. "पोरगी इथनं जाईल, वैनी. पण बाळंतपणाला इथंच येईल ना?"

मी त्यांच्या शेजारी बसले. हातात रिंग घेतली. म्हटलं, "टोक आत म्हणजे करंजीला मुरड घालतो तसं?"

"बराबर," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू माझ्यासारखी हुशार बाई जगात नाही.

शेजारच्या पत्र्याखाली लग्नाचे पापड लाटायला बाया जमल्या होत्या. मी हाक मारली. पिठाचे हात पुसत आल्या. कारागिरानं सळई वाकवायच्या लोखंडी चाव्या दिल्या, आधी हसला, मग "मावशी, जरा आत घ्या" म्हणून शिकवू लागला. भाऊजी एकेक रिंग डोळ्याजवळ धरून तपासत होते. नणंद रिंग वाकवता वाकवता म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कधी एवढं निरखून पाह्यलं न्हाई."

"तुला कशाला पाहायचं? तू पह्यल्यापासूनच पक्की," भाऊजी म्हणाले. नणंद लाजली आणि एक रिंग वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ढीग संपला, संध्याकाळपर्यंत रिंगा बांधून झाल्या, आणि कारागीर ठरल्या दिवशी परतूरला गेला.

हळद तिथंच लागली. आता पल्लवी बाळंतपणाला आली आहे, बाळाचा पाळणा दिवाणखान्यात टांगलाय. भाऊजींना मोतीबिंदूमुळं फारसं दिसत नाही. परवा आले, तरी सवयीनं उंबऱ्यात थांबून मान वर केलीच. आधाराला मी हात पुढं केला. त्यांनी माझा कोपर चाचपला.

"काटकोन झाला, वैनी. आत घ्या."

मी हात आत वळवला, त्यांचा हात त्यात घट्ट धरला, आणि त्यांना पाळण्यापाशी नेलं.