सिस्टरबाईंच्या सिंकचा टेकू

त्याला सगळे टेकूकाका म्हणत. स्वयंपाकघरातले ओटे बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि दगड असो की साधं शेल्फ, खालून आधार दिल्याशिवाय तो हात झटकून निघायचा नाही. "हा माणूस चहाचा कपसुद्धा दोन विटा लावून ठेवेल," असं त्याची मेहुणी म्हणायची. तो वरवर चिडायचा, पण मनातून खूश व्हायचा.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो घराशेजारच्या शेडमध्ये करवतीचं पातं बदलत होता. बायको दीड महिन्याने पहिल्यांदाच शेड झाडायला आली होती. दम्याने तिला अठरा दिवस हॉस्पिटलात काढायला लावले होते. आता कुठे ती चार पावलं चालायला लागली होती.

"अहो, दाराआडचा हा पट्ट्यांचा जुडगा भंगारात टाकू का?"

"कसला जुडगा?"

"सुतळीने बांधलाय. वर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. सिस्टर, सिंक."

त्याच्या हातातलं पातं खाली पडलं.

सहा आठवड्यांपूर्वी त्याने एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी सिंक बसवलं होतं. चिनी मातीचं, नुसतं रिकामं उचलायलाच दोन माणसं लागतील असं. ते ओट्याच्या दगडाला खालून चिकटवायचं, क्लॅम्पने आवळून दिवसभर सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी खालून लाकडी चौकट ठोकायची, असं ठरलं होतं. पट्ट्या त्याने संध्याकाळीच मापाने कापून ठेवल्या. पण पहाटे बायकोचा श्वास अडकला. त्यानंतर त्याला सिंक काय, स्वतःचं जेवणही आठवलं नाही. तिकडे ठरल्याप्रमाणे प्लंबर आला, त्याने क्लॅम्प काढला, पाईप जोडला आणि गेला. सिस्टरबाईंना वाटलं, काम झालं.

म्हणजे सहा आठवडे ते धूड नुसत्या चिकट मसाल्यावर लोंबकळत होतं.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग हत्यारांची पिशवी घेऊन, जुडगा स्कूटरवर पायाशी आडवा टाकून तो निघाला. सिग्नलला थांबला तेव्हा मागचा माणूस ओरडला, "काका, हिरवा झालाय!" तेव्हा कुठे त्याला भान आलं.

सिस्टरबाईंनी कोपरापर्यंत ओल्या हातांनी दार उघडलं. "अरे मिस्तरी, तुम्ही? फोन आत होता, मी पडदे भिजवत होते."

"सिंकमध्ये?"

"मग कुठे! काठोकाठ भरलंय. का हो?"

तो जुडगा घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याशी वाकला. डाव्या बाजूला दगड आणि सिंक यांच्यामध्ये काळी फट पडली होती. नख सहज गेलं असतं. खालच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कोणीतरी गुणगुणत होतं.

"आत कोण आहे?"

"नात. तिचं दुकान आहे तिथे. साबण-बिबण मी काढून घेतलेत, म्हटलं खेळू दे."

त्याने आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला. "सिस्टर, ओट्याला हात लावू नका. सिंक सुटतंय. आधी तिला बाहेर काढा. पण ओरडू नका, दचकून उठली तर डोकं आपटेल."

सिस्टरबाईंची उभी हयात अपघात विभागात गेली होती. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. त्या सरळ फरशीवर बसल्या.

"दुकानदारबाई, एक किलो साखर द्या."

"साखर संपली," आतून आवाज आला.

"मग तांदूळ?"

"दुकान बंद आहे. उद्या या."

"असं काय करता? बाहेर मोठं गिऱ्हाईक आलंय. जरा बाहेर येऊन बघा तरी."

"त्यांना काय पाहिजे?"

सिस्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जे सुचलं ते तो बोलला. "मला... झाडू पाहिजे."

"झाडू आहे!" पोर आनंदाने ओरडली आणि झाडू शोधायला आणखी आत, पार मागच्या भिंतीशी सरकली.

तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

त्याने विचार केला नाही. गुडघ्यांवर पडून त्याने उजवा खांदा सिंकखाली घातला, आणि पुढच्या क्षणी ते सगळं ओझं त्याच्या हाडावर आलं. मानेवरून साबणाचं पाणी ओघळलं. "ओढा तिला!"

सिस्टरबाईंनी त्याच्या काखेखालून हात घातला, हाताला लागलं ते पाऊल धरलं आणि पोरीला फरफटत बाहेर काढलं. तिने भोकाड पसरलं. तिला बाहेरच्या खोलीत ठेवून, दाराला कडी घालून त्या परत आल्या.

"आता?"

"बूच ओढू नका, झटका बसेल. पाणी हळूहळू उपसा."

पातेलं भरभरून पाणी बादलीत पडू लागलं. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"श्वास धरून ठेवू नका, मिस्तरी. सोडा. घ्या. आणखी सोडा." त्यांचा आवाज वॉर्डात असावा तसाच होता. निथळणारे पडदे एकेक करून बाहेर आले, तसा भार थोडा उतरला.

"जुडग्यातली उभी पट्टी घ्या. मी तीन म्हटलं की वर रेटतो, तुम्ही ती माझ्या शेजारी उभी सारा. एक, दोन..."

तिसऱ्याला त्याने सगळा जीव एकवटला. पट्टी आत सरकली आणि अडकली. त्याने अंग काढून घेतलं आणि ओल्या फरशीवर तसाच बसून राहिला. हात वर होईना.

सिस्टरबाईंनी खांदा चाचपला. "हाड शाबूत आहे." मग त्या संतापाने म्हणाल्या, "तो प्लंबर! त्यानेच काहीतरी हलवलं असणार."

क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "त्याचा दोष नाही. चौकट मी ठोकायची होती. दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो आणि विसरलो. आज आठवलं."

बाहेर पोर रडत होती. सिस्टरबाईंनी कपाटातल्या तिच्या दुकानाकडे पाहिलं.

"सहा आठवडे," त्या म्हणाल्या. "रोज दोन-दोन तास बसते ती तिथे."

त्याने मान खाली घातली. बायकोच्या आजारपणाचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते सबबीसारखं वाटलं असतं.

"काम पुरं करा," त्या म्हणाल्या. "मला दाखवून करा. मग जा."

पोरीला शेजारच्यांकडे सोडून त्या टॉर्च धरून बसल्या. डाव्या हाताने स्क्रू पिळायला त्याला दुपार झाली. उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या, फटीत नवा मसाला. सिंक पुन्हा बरोबर दगडाला भिडलं. त्याने विचारलं, "आता भरून बघू?" मग दोघं समोरासमोर बसून तासभर भरलेल्या सिंककडे बघत राहिले. पुन्हा फट पडली नाही.

निघताना सिस्टरबाईंनी विचारलं, "विसरलात कसे? तुमचं तर नावच टेकूकाका."

तेव्हा कुठे त्याने सांगितलं.

"अठरा दिवस? ऑक्सिजन लागला होता?"

"हो."

"आता कशी आहे?"

"बरी आहे. आज शेड झाडायला आली होती." त्यांनी त्याला पाण्याचा ग्लास दिला. माफ केलं, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

त्यांच्या मुलीने, त्या पोरीच्या आईने, संध्याकाळी फोनवर त्याला नको नको ते सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. पुढचे चार दिवस बायको वहीतून जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते वाचायची आणि तो, खांदा पट्टीत बांधलेला, एकेक घरी जाऊन ओट्याखाली डोकावायचा. कोणी हसलं, कोणी वैतागलं. सगळीकडे चौकटी होत्या. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर तो पायरीवरच बसला, आणि बायकोला फोन करून एवढंच म्हणाला, "झालं. येतो घरी."